उभी सायकल, धावती सायकल : वीस इंची चाकांच्या मालवाहू सायकलीचं एक प्रकरण

सायकल दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा ती जागेवर उभी होती आणि दोन्ही वेळा मागे मुलं बसलेली होती. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या खेपेनंतर त्या बाईंनी सायकलीला हात लावणं सोडलं. पुढे महिनाभराने नवरा-बायको दोघं माझ्याकडे आले ते प्रश्न ठरवूनच आले : ही विकून छोट्या चाकांची मालवाहू सायकल घ्यावी का?

मी सायकली दुरुस्त करतो, त्यातही चाकं बांधणं हे माझं विशेष आवडीचं काम. छोट्या चाकांबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एकाला ती खेळणी वाटतात, दुसऱ्याला सगळ्या दुखण्यांवरचं औषध. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहून ठेवतो आहे. निर्णय शेवटी त्यांचा होता. पण त्या आठ आठवड्यांत मला जे दिसलं त्यातलं निम्मं चाकांबद्दल होतं आणि निम्मं आपण सायकल कशी वापरतो त्याबद्दल.

घरची मंडळी आणि गाडी

बाई पाच फुटांच्या आसपास, नवरा जवळजवळ सहा फूट. धाकटी मुलगी तीन वर्षांची, चौदा किलो. थोरला मुलगा सहा वर्षांचा, वीस किलो. सायकल लाँगटेल, म्हणजे मागचं चाक आणखी मागे नेऊन कॅरिअर हातभर लांब केलेली. चाकं २६ इंची, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) मोटर, लांबी दोन मीटरच्या वर. एका पायाचा साधा साइड स्टँड. सकाळी साडेतीन किलोमीटर जाणं, दुपारी तेवढंच येणं. वाटेत एक चढ, सात-आठ ठिकाणी थांबावं लागणारच, आणि साधारण चारशे मीटरचा एक पट्टा पार उखडलेला.

माणूस, मुलं, सामान आणि सायकल धरून वजन १३० किलोच्या घरात जायचं. त्यातलं दोन तृतीयांश मागच्या चाकावर.

मी बाईंना म्हणालो, "ताई, मुलांना कसं बसवता ते एकदा करून दाखवा." त्यांनी सायकल साइड स्टँडवर लावली, धाकटीला उचलून मागच्या सीटमध्ये ठेवलं, पट्टा लावला. मग डाव्या हाताने हँडल धरून उजव्या हाताने थोरल्याला काखेत धरून वर घेतला. त्या क्षणी सगळी गाडी एका पायावर आणि त्यांच्या एका मनगटावर उभी होती. पुढचं चाक हळूच वळलं, स्टँड घसरला, आणि मी तयारीत होतो म्हणून बरं.

"असंच झालं होतं, दादा," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

पंधरा टक्के

कॅरिअर किती उंच असावं हे कुणाच्या आवडीवर नसतं, ते चाक ठरवतं. २६ इंची चाकाची रिम टायर बसतो तिथे ५५९ मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यावर ५५ मिलिमीटरचा टायर चढवला की चाक साधारण ६७ सेंटिमीटर उंच होतं. वर मडगार्ड, थोडी मोकळी जागा, मग कॅरिअर. या सायकलीत ते ७२ सेंटिमीटरवर होतं. वीस इंची चाकाची रिम ४०६ मिलिमीटरची, त्याच रुंदीच्या टायरसकट उंची ५२ सेंटिमीटर. म्हणजे कॅरिअर सरळ वीतभर, पंधरा सेंटिमीटर, खाली येतं.

आता मुलं कॅरिअरवर बसली की त्यांच्या वजनाचा मध्य फळीच्या वर पाव मीटर धरू. जुन्या गाडीत तो जमिनीपासून ९७ सेंटिमीटरवर, छोट्या चाकांच्या गाडीत ८२ वर. गाडी एका बाजूला वीस अंश कलली, तर चौतीस किलोंच्या मुलांचा पाडणारा जोर पहिल्या गाडीत ११० न्यूटन-मीटरच्या आसपास, दुसरीत ९४. फरक पंधरा टक्क्यांचा.

"एवढासाच?" असं नवऱ्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. छोट्या चाकांची तारीफ ऐकली तर वाटतं की गाडी पडूच शकत नाही. तसं काही नाही. पण पंधरा टक्के कुठे पडतात तेही पाहावं लागतं. सहा फुटी माणसाच्या अंगात ११० पेलायची ताकद आहे, त्याला दोन्ही गाड्या सारख्याच. पाच फुटी बाईचा कस शंभराच्या आसपास संपत असेल, तर एक गाडी सावरता येते आणि दुसरी येत नाही. घरात दोघं एकच सायकल चालवत होते आणि एकालाच ती जड का वाटते यावरून वाद होत होते, त्याचं मूळ हे.

तरीही मी लगेच नवी गाडी सुचवली नाही. आधी जुन्या सायकलीला रुंद, दोन पायांचा स्टँड बसवला. पंधरा दिवस तसंच वापरायला सांगितलं.

त्या पंधरा दिवसांत मुलांना बसवताना गाडी एकदाही डगमगली नाही. म्हणजे निम्मा दोष चाकांचा नव्हताच, स्टँडचा होता. हे आवर्जून लिहितो, कारण पुष्कळ लोक स्टँडचा राग चाकांवर काढतात आणि नवी सायकल घेऊन मोकळे होतात. नव्या छोट्या चाकांच्या गाडीला कारखान्यातूनच दणकट स्टँड येतो, मग श्रेय सगळं चाकांना.

उरलेला निम्मा दोष मात्र तसाच राहिला. भरलेली गाडी स्टँडवरून खाली घेताना आणि वाटेत थांबताना बाईंचा श्वास अडकायचा. शिवाय थोरल्याला अजूनही उचलूनच वर घ्यावं लागायचं. ७२ सेंटिमीटरची फळी त्याच्या छातीला लागत होती.

उसनी गाडी

माझ्याकडे वीस इंची चाकांची एक लाँगटेल आहे. तिच्यावर मी रिमा-टायर आणि अवजारं वाहतो. हीदेखील मागच्या हबमध्ये मोटर असलेली. ती त्यांना सहा आठवडे दिली, बसायची गादी आणि धाकटीची सीट चढवून. अट एकच : रोज काय खटकलं ते लिहून ठेवायचं.

पहिल्याच दिवशीची नोंद अशी होती : "हा स्वतः चढला." कॅरिअर ५७ सेंटिमीटरवर असल्यामुळे सहा वर्षांचा मुलगा पायफळीवर पाय ठेवून आपला आपण बसला. आईने दोन्ही हातांनी हँडल धरून ठेवलं. माझ्या मते छोट्या चाकांचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. वजन उचलायचा क्षण आणि गाडी सावरायचा क्षण एकमेकांपासून वेगळे झाले. पंधरा टक्क्यांच्या हिशोबात हे मावत नाही.

दुसरा फायदा जागेचा. त्यांच्या जिन्याखालची जागा दोन मीटरहून थोडी कमी. जुनी गाडी तिथे तिरकी ठेवावी लागायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला पॅडल लागायचं. वीस इंची लाँगटेल साध्या सायकलीएवढ्या, साधारण १८० सेंटिमीटर लांबीत बसवता येते. दोन्ही चाकांचा व्यास मिळून तीस सेंटिमीटर वाचतात, पण एकूण लांबीत त्यातले निम्मेच दिसतात, कारण पुढच्या चाकाचा पुढचा अर्धा आणि मागच्याचा मागचा अर्धा एवढंच बाहेर उरतं. बाकीची बचत आरेखनकार सांगाडा आखडून करतात. काही सायकली तर मागच्या टोकावर सरळ उभ्या करता येतात. माझी होत नाही, पण सरळ आत गेली.

तिसरा फायदा नवऱ्याला लागू पडला. सीटचा दांडा खालीवर केला की दोघांनाही तीच गाडी बसते. याचं कारण चाक नव्हे, सांगाडा. पण छोट्या चाकांमुळे मधला दांडा खाली आणायला मोकळीक मिळते, आणि मागे मुलं बसलेली असताना पाय मागून टाकता येत नाही, पुढूनच काढावा लागतो.

खड्डा

चौथ्या दिवशी नोंद आली : "तो पट्टा नको वाटतो."

तोच तो चारशे मीटरचा उखडलेला पट्टा. जुन्या गाडीवर तो त्रासदायक होता, इथे असह्य झाला. धाकटी रडली. पिशवीतला डबा उघडला.

चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात जास्त उतरतं, ही नुसती म्हणण्याची गोष्ट नाही, शाळेतल्या भूमितीने मोजता येते. तीस सेंटिमीटर लांबीचा खड्डा घ्या. २६ इंची चाक त्यावरून जाताना दोन्ही कडांवर टेकून मधे सुमारे ३६ मिलिमीटर खाली जातं. वीस इंची ४८ मिलिमीटर जातं. एक तृतीयांशाने जास्त. उंचवट्याचंही तसंच. चार सेंटिमीटरची उभी कड हळू वेगात चढायची तर वीस इंची चाकाला त्याच्यावरच्या वजनाच्या ६३ टक्के आडवा जोर लागतो, २६ इंचीला ५४. मोठं चाक कडेला जरा वरून भेटतं, छोटं समोरून धडकतं.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर डोकं लावणारी माणसंही जुनी आहेत. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली सोळा इंची चाकांची सायकल आणली. हा माणूस मुळात रबराच्या सस्पेन्शनचा. १९५९ च्या मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन त्यांचंच. त्यांनी छोट्या चाकांना जास्त दाबाचे टायर दिले, कारण कमी दाबाचा छोटा टायर ओढायला जड जातो. आणि त्या कडक टायरांचे हिसके खायला पुढे-मागे सस्पेन्शन दिलं. दोन्ही एकत्र होतं म्हणून ती सायकल पळायची. मग रॅले कंपनीने १९६५ मध्ये आरएसडब्ल्यू १६ ही छोट्या चाकांची सायकल काढली. तिच्यात सस्पेन्शन नव्हतं, त्याऐवजी जाड, कमी हवेचे टायर. बसायला मऊ, चालवायला सुस्त, अशीच तिची ख्याती झाली. १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा सायकल व्यवसायच विकत घेतला.

मला हा इतिहास आवडतो तो यासाठी की आजही छोट्या चाकांची मालवाहू सायकल घेणारा माणूस याच दोन वाटांवर उभा असतो. हवा कडक ठेवली तर हिसके, मऊ ठेवली तर ओढ. मालवाहू सायकलीत तिसरी अडचण येते, कारण मागच्या चाकावर इतकं वजन असतं की हवा मऊ ठेवायची सोयच नसते. छोट्या चाकाचा टायर त्याच वजनाखाली, त्याच हवेवर, जास्त दबतो. मग कडेवर आपटला की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. सहा आठवड्यांत असं एकदा झालं, बरोब्बर त्याच पट्ट्यावर.

उपाय रुंदीचा केला. माझ्या गाडीला ४७ मिलिमीटरचे टायर होते, सामानाला ते पुरत होते. त्यांच्यासाठी ६० मिलिमीटरचे चढवले. मडगार्ड वर सरकवावे लागले. हवेचा साठा वाढला, त्यामुळे हवा थोडी उतरवूनही रिम आपटेना. सीटखाली स्प्रिंगचा दांडा घातला तो बाईंच्या कमरेसाठी, पण मुलांच्या बुडाखाली तो नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं : लाँगटेलमध्ये प्रवासी बरोबर मागच्या चाकावर बसतात, म्हणजे सगळ्यात मोठा हिसका सगळ्यात लहान माणसाला. चालवणाऱ्याला "ठीक आहे" वाटतं ते त्याच्या जागेवरून.

त्या पट्ट्यावर शेवटी बाईंनी सगळ्यात साधा उपाय केला. वेग निम्मा केला.

हँडल

नवऱ्याची तक्रार निराळीच होती. "पुढचं चाक वळवळतं," तो म्हणाला. बाईंना तसं काही वाटलं नव्हतं.

दोघंही खरं बोलत होते. हँडल सोडल्यावर चाक आपोआप सरळ व्हायला पाहतं. त्यातला मोठा भाग असा की चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा, हँडलचा आस खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भेटेल, तिच्या थोडी मागे असते. या अंतराला ट्रेल म्हणतात. हँडलचा कोन ७१ अंश आणि चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन फाट्यांचा) पुढे आलेला बाक ४५ मिलिमीटर धरला, तर २६ इंची चाकाला ट्रेल ६७ मिलिमीटर मिळतो. तोच कोन, तोच बाक ठेवून वीस इंची चाक लावलं तर ४१ च उरतो. हँडल हलकं होतं आणि बारीक धक्क्यानेही इकडेतिकडे जातं. चांगला आरेखनकार हँडलचा कोन निजता करून किंवा चिमट्याचा बाक कमी करून ट्रेल परत मिळवतो. माझी गाडी थोडी जुनी, तिच्यात तो पुरता मिळवलेला नाही.

नवऱ्याचे हात दोन वर्षं जुन्या गाडीला सरावलेले, म्हणून त्याला वळवळ जाणवली. बाई त्या गाडीवर कधी रुळल्याच नव्हत्या. आठवड्याभरात त्याचीही तक्रार गेली, एक अपवाद सोडून : वळताना हात दाखवायला एक हात सोडला की गाडी अजूनही डुलते. म्हणून छोट्या चाकांची गाडी बघायला जाल तेव्हा एका हाताने चालवून बघा, आणि मागे वजन ठेवून बघा. रिकामी गाडी सगळ्यांनाच गोड लागते.

इथे एक गैरसमजही मोडायला हवा. वजन खाली असलं की चालती गाडीही जास्त स्थिर, असं सरसकट म्हणतात. तळहातावर लांब दांड्याचा झाडू उभा धरता येतो, पेन्सिल धरता येत नाही. उंचावरचं वजन हळू कलतं आणि सावरायला वेळ देतं. वेगात धावणाऱ्या सायकलीला उंच वजन तितकं जाचत नाही. जाचतं ते थांबताना, चालू होताना, ढकलत नेताना. छोट्या चाकांनी मिळवलेलं खालचं वजन हे मुख्यतः उभ्या सायकलीचं सुख आहे. खड्डे आणि वळवळ हे धावत्या सायकलीचं दुःख. या प्रकरणात मी जे जे लिहिलं आहे ते या दोन रकान्यांत जवळजवळ जसंच्या तसं बसतं.

चढ, मोटर, साखळी

चढावर मात्र धावत्या सायकलीलाही छोटं चाक पावलं. मोटर हबमध्ये असेल तर तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, थेट चाकाला मिळतो, आणि चाक लहान तेवढा जमिनीवरचा रेटा मोठा. समजा मोटरचा पीळ ४० न्यूटन-मीटर. २६ इंची चाकातून तो १२० न्यूटन, म्हणजे साधारण बारा किलोंचा रेटा देतो. वीस इंचीतून १५५ न्यूटन, जवळजवळ सोळा किलो. फुकटात तीस टक्के. अर्थात पूर्ण फुकट नाही, कारण तीच मोटर त्याच फेऱ्यांत कमी अंतर कापते. मिनिटाला २५० फेऱ्या असतील तर वीस इंची चाक ताशी २४ किलोमीटरवर थकतं, २६ इंची ३१ वर. मागे दोन मुलं असताना ताशी २४ कुणाला कमी वाटेल? मोटर पॅडलपाशी असेल तर हा हिशोब लागू नाही, कारण तिथे गिअर मधे येतात.

ब्रेकलाही हाच नियम पावतो. डिस्क तीच, लिव्हरवरची बोटं तीच, तरी जमिनीवर थांबवणारा जोर तीस टक्के जास्त. रिमला घासणारे ब्रेक असतील तर मात्र उलटं. उतारावरची सगळी उष्णता कमी धातूत शिरते आणि छोटी रिम लवकर तापते. १३० किलो घेऊन उतार उतरायचा असेल तर रिम ब्रेकची छोट्या चाकांची गाडी मी तरी कुणाला देणार नाही.

छोटं चाक हलकं म्हणून गाडी चटकन वेग घेते, असंही कानावर येतं. १३० किलोंच्या गाडीत चाकाच्या अर्ध्या किलोचा हिशोब ज्याला करायचा त्याने करावा.

पॅडल मारणाऱ्यासाठी पुढची दातेरी चकती मोठी लागते. २६ इंची चाकाला ४० दाते असतील तर तीच चाल मिळायला वीस इंचीला ५२. माझ्या गाडीला ४४ आहेत. मोटर बंद करून सपाटीवर चालवली तर पाय नुसते फिरतात, अशी नवऱ्याची नोंद आहे, आणि ती बरोबर आहे.

दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने खरी डोकेदुखी मागच्या डिरेलरची, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राची. एक्सलच जमिनीपासून २६ सेंटिमीटरवर, त्याला लटकलेली डिरेलरची लांब तंगडी जमिनीपासून चार बोटं. तिसऱ्या आठवड्यात ती एका दगडाला लागून वाकली. पाऊस पडला की साखळी सगळा चिखल वर ओढते. आखूड तंगडीचा डिरेलर लावला. हबच्या आतले गिअर असतील तर हा त्रास उरत नाही.

आरे

माझ्या प्रांतात आलो, तर जरा रेंगाळतो.

छोटं चाक मुळात मोठ्यापेक्षा मजबूत असतं. आरे आखूड, रिमेचे दोन आऱ्यांमधले तुकडे लहान, आणि हबच्या रुंदीच्या मानाने आरे जास्त पसरट कोनात उभे. बाजूचा मार ते चांगला झेलतं. मालवाहू सायकलीत हे मोलाचं आहे, कारण भरलेल्या गाडीत मागच्या चाकावर आडवा ताण जास्त येतो. जुन्या २६ इंची चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मी वर्षातून तीनदा काढत होतो. माझ्या वीस इंची गाडीचा शेवटचा कधी काढला, आठवत नाही.

तरी सहा आठवड्यांत दोन आरे तुटले. माझ्याच चाकाचे, माझ्याच हातचे. कारण चाकाचा आकार नव्हे, माझी सवय. हबमधल्या मोटरची कड मोठी, रिम लहान, म्हणजे आऱ्याला जायला अंतर थोडं. अशा चाकात नेहमीसारखे तीन क्रॉसने, म्हणजे प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडेल असे, आरे ओवले तर ते रिमेत तिरके घुसतात, निपलपाशी (आरा रिमेत आवळणाऱ्या बारीक नटापाशी) वाकतात, आणि प्रत्येक फेरीला तिथेच लवत लवत आट्यांवर तुटतात. सामान नेत होतो तोवर निभावलं, मुलं बसली आणि फेऱ्या रोजच्या झाल्या तेव्हा उघडं पडलं. सगळं चाक सोडून एका क्रॉसने परत बांधलं. नंतर एकही गेला नाही. हबमध्ये मोटर असलेली छोट्या चाकांची गाडी विकत घेताना आरे निपलमध्ये सरळ जातात की कोपर काढून, एवढं वाकून जरूर बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

पिशव्या आणि पाय

कॅरिअर खाली आलं, पण त्याला लटकणाऱ्या पिशव्या खाली आल्या हे कुणाच्या लक्षात नव्हतं. त्यांच्या जुन्या पिशव्या पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. भरल्या की फुगून खाली येतात, आणि डाव्या वळणावर डावी पिशवी रस्ता झाडत गेली. तळाला भोक पडलं. पिशव्या खालून उचलून धरणाऱ्या आडव्या फळ्या लावल्या, तर त्याच फळ्या पदपथाच्या कडेला घासतात. इथे मला पुरतं उत्तर सापडलेलं नाही. बुटक्या, लांब पिशव्या घेणं हाच त्यातल्या त्यात मार्ग.

मोठ्या माणसाला मागे बसवायचं म्हटलं तर पायांचं हेच होतं. गुडघे हनुवटीला.

टायरचं नाव

एक गोष्ट थोडक्यात, पण ती चुकली की दिवस जातो. वीस इंची म्हणून दोन वेगवेगळ्या रिमा मिळतात, ४०६ आणि ४५१ मिलिमीटरच्या. एकीचा टायर दुसरीवर चढत नाही. ४०६ लहान मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींमुळे सगळीकडे मिळतो, पण त्यातला बहुतेक माल मुलांच्या वजनाचा असतो. वजन पेलणारा टायर मागवून ठेवावा लागतो. आणि तो लवकर झिजतो, कारण एका किलोमीटरला वीस इंची चाक सुमारे ६२० फेऱ्या घेतं, २६ इंची ४८०.

काय ठरलं

सहा आठवड्यांनी दोघं परत आले. वहीत बाईंच्या नोंदी कमी होत गेल्या होत्या. शेवटच्या पंधरवड्यात फक्त तीन, त्यातल्या दोन पिशव्यांबद्दल.

मी त्यांना तिसरा मार्गही सांगितला होता : पुढे मोठं चाक, मागे वीस इंची. वजन जिथे, तिथे छोटं चाक ही जुनीच समज आहे. डेन्मार्कच्या लाँग जॉन सायकलीत पेटी हँडलच्या पुढे, म्हणून पुढचं चाक छोटं. दुकानदारांच्या पोऱ्यांच्या जुन्या इंग्रजी सायकलींतही टोपलीखालचं पुढचं चाक छोटं आणि मागचं पूर्ण आकाराचं असायचं. लाँगटेलमध्ये वजन मागे, म्हणून उलटं करायचं. कडेला आधी भेटणारं चाक मोठं राहतं, हँडल शांत राहतं. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यात पटते. पण जिन्याखालच्या जागेत ती सात-आठ सेंटिमीटरनी बसेना.

उखडलेला पट्टा चारशे मीटरऐवजी दोन-तीन किलोमीटरचा असता, तर मी जुनीच गाडी ठेवा म्हणालो असतो. रुंद स्टँड, थोरल्यासाठी एक पायरी, आणि अवघड जागी उतरून चालणं. मुलं नसती आणि नुसतं सामान असतं, तरीही बहुधा तेच. त्यांचं गणित मात्र वेगळं होतं : दिवसाला सोळा-सतरा वेळा थांबणं, चार वेळा मुलं चढवणं-उतरवणं, आणि दोन वेळा तो पट्टा. तो हळू पार करता येत होता. थांबणं टाळता येत नव्हतं.

त्यांनी वीस इंची घेतली, पॅडलपाशी मोटर आणि हबच्या आत गिअर असलेली. नवऱ्याला जुनी विकायची होती. बाई म्हणाल्या, राहू दे. आता तो एकटा जातो तेव्हा तीच नेतो, त्या पट्ट्यावरून सुसाट.

गेल्या आठवड्यात नवी गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली. मागच्या टायरचा मधला पट्टा गुळगुळीत झाला होता, पुढचा अजून नवा दिसत होता. पुढचा मागे घालून नवा पुढे चढवायचं ठरवलं. टायर मागवताना त्याच्या कडेवरचा ४०६ मी दोनदा वाचला. थोरला तोवर कॅरिअरवर बसून होता. त्याचे पाय आता पायफळीच्या खाली चार बोटं लोंबतात.